सव्वापट वजन

आमच्यात भांडण झालं की जिन्यात एकटीचा आवाज येतो, माझा. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्यांची ठाम समजूत आहे की मी कजाग आणि आमचे हे म्हणजे गरीब गाय. गाय कसली! मान डोलवत डोलवत माणूस नकार कसा देऊ शकतो, ते बघायचं असेल तर आठ दिवस आमच्याकडे राहायला या. तुम्ही काहीही बोला, हे मान हलवणार. तुम्हाला वाटतं, चला, पटलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी बघावं तर यांनी स्वतःला हवं तेच केलेलं असतं. लग्नानंतर पहिली पाच वर्षं तर मी त्या मानेलाच होकार समजत होते.

हे लिफ्टचे मेकॅनिक. उभा जन्म त्यात गेला. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, आणि लोकांशी बोलताना मीही मिस्त्रीच म्हणते. समोर असले की आपलं ‘अहो’. गावातल्या निम्म्या उंच इमारती यांच्या हातावर वर-खाली होतात, आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या घरात. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, त्या अंधारात आम्ही संसार केला.

तर गेल्या हिवाळ्यापासून मिस्त्री दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले. तिथे खिडकी आहे आणि खिडकीत शेजाऱ्यांचं मांजर बसतं. संध्याकाळी मला वर ऐकू यायचं, “काय रे, जेवलास का? ऊन खातोस का?” आता जो माणूस माणसांशी बोलत नाही, तो मांजराशी काय बोलणार? मी दाराला कान लावून ऐकलं. दोन वाक्यांच्या मध्ये श्वास चालायचा, भात्यासारखा. मग परत “काय रे,” की परत श्वास. मांजर हे निमित्त.

एकदा पँट गुडघ्यावर फाटून आली. म्हणाले, खिळा लागला. मी शिवणकाम करणारी बाई. खिळा लागला की कापड त्रिकोणात फाटतं, हे घासून विरलं होतं आणि आतून रक्त सुकलेलं होतं. लिफ्टच्या खाली खड्डा असतो म्हणे, त्यात शिडीनं उतरावं लागतं. शिडीवरून पाय सटकला असणार. मी पँटला ठिगळ लावलं आणि मनाशी पक्कं केलं, आता बास. हा माणूस मला घरात हवा, धडधाकट, आणि लवकर.

आणि योगही जुळून आला होता. याच वर्षी त्यांची निवृत्ती होती. पण कंपनीनं त्यात पाचर मारून ठेवली होती. जाणकार माणसं मिळत नाहीत म्हणून ज्यांना हवं त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घेणार, फक्त वर्षाच्या शेवटी तसं कळवायचं. मी म्हटलं, “कळवायचं काय त्यात? नाही म्हणून सांगा आणि घरी या.”

मान हलली. मी सावध झाले.

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या गावी असते, तिला या सगळ्यातलं कळतं. ती म्हणाली, “आई, थांब, कॉम्प्युटरवर टाकून बघते. बाबांचं वय, शिल्लक, ठेवी, महागाई किती वाढेल तो अंदाज... हं, आता विचारतोय की किती वर्षं जगणार.”

“कोण?”

“तुम्ही दोघं. ते भरल्याशिवाय पुढे जातच नाही.”

“कपाळ माझं! त्यालाच विचार, त्याला माहीत असेल तर आम्हालाही कळू दे.”

लेक हसली, पण हे हसले नाहीत. शेजारी बसून ऐकत होते. त्या दिवशी जेवताना दोनदा पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उतरवला, पुसला, आणि माझ्यापुढे ठेवला.

“आपण चाचणी घेऊ,” म्हणाले.

“कसली?”

“नवी लिफ्ट बसवली की आम्ही लगेच माणसं चढू देत नाही. आधी वजनं चढवतो. लोखंडाचे ठोकळे. त्यांच्यासकट वर-खाली करतो, मध्येच ब्रेक मारतो. धरला तर धरला. मग माणसं.” एवढं लांब भाषण त्यांनी लग्नातसुद्धा केलं नव्हतं. “निवृत्तीचं पण तसंच करू. आत्तापासून दर महिन्याला एवढे पैसे या डब्यात टाकतो. बाकीचा पगार बँकेत, त्याला हात लावायचा नाही. खाणं, वीज, औषधं, काय असेल ते डब्यातून. वर्षअखेरीपर्यंत ब्रेक धरला, तर मी कंपनीला नाही म्हणून सांगतो.”

“आणि नाही धरला तर?”

“तर दोन वर्षं काढू.”

डब्यात पैसे टाकले. मी मोजले, पुन्हा मोजले. “एवढीच पेन्शन मिळणार तुम्हाला? जन्मभर लोकांना वर नेलंत त्याचे एवढेच?”

मान हलली.

बघा, त्या वेळी मला कळायला हवं होतं. पण पैशाचं नाव निघालं की माणसाची अक्कल पातळ होते. मी म्हटलं ठीक आहे, अंथरूण पाहून पाय पसरू. आम्हाला काही रेशमी गादीची सवय नव्हती.

पहिला महिना कसाबसा गेला. मी मांस बंद केलं, अंडी ठेवली. बाजार उठायच्या वेळेला जायला लागले, म्हणजे भाजी निम्म्या भावात मिळते आणि भाजीवाल्याच्या शिव्या फुकट. मिस्त्रींनी कँटीनचा चहा सोडला. मी त्यांना थर्मास भरून द्यायला लागले. रोज संध्याकाळी घरी आले की आधी हात धुवायचे, आणि मग डबा उचलून कानाशी हलवायचे. आत खुळखुळ वाजलं की चेहऱ्यावर जरा उजेड यायचा. लहान मूल खुळखुळा ऐकतं तसं.

दुसऱ्या महिन्यात फ्रिज बंद पडला. त्याच महिन्यात यांची दाढ दुखायला लागली, आणि दाताच्या डॉक्टरीणबाई गोड बोलतात तेवढीच फी घेतात. महिना संपायला आठवडा होता आणि डब्यात काय होतं? डब्याचा तळ. तळावर जुन्या बिस्किटांचं चित्र आहे, ते मला पहिल्यांदाच पूर्ण दिसलं.

मी त्या डब्याकडे बघत उभी राहिले. मनात एकच आलं, संध्याकाळी हे डबा हलवणार, तो वाजणार नाही, आणि दोन वर्षं हा माणूस परत त्या खड्ड्यात उतरणार. त्याच पावली मी पर्स उचलली आणि कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरवालीकडे गेले.

ती माझी जुनी ओळखीची. तिच्याकडे कपडे धुवायला येतात तसे दुरुस्तीलाही येतात. कुणाच्या पँटची चेन गेलेली, कुणाच्या कोटाचं अस्तर सुटलेलं, कुणाचं पोट वाढलेलं. डोळ्यांना त्रास होतो म्हणून मी ते काम सोडलं होतं. म्हटलं, “दे बाई काय असेल ते. पण आणून द्यायला घरी कुणाला पाठवू नकोस. मीच येईन, मिस्त्री कामावर गेले की.”

“चोरून?” ती डोळे मिचकावून म्हणाली.

“चोरूनच. नवऱ्याला फसवायचंय.”

“या वयात?”

“याच वयात कळतं कसं फसवायचं ते.”

झालं, सुरू झालं माझं. हे जिना उतरले की मशीनवरची चादर काढायची. दुपारपर्यंत चेना उसवायच्या, नव्या बसवायच्या, शिवण मारायची. जीनच्या पँटची चेन बदलणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. सुई मोडते, बोट सुजतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘एवढे पैसे? नुसती चेन तर होती!’ संध्याकाळच्या आत दोऱ्यांचे तुकडे वेचून टाकायचे, चादर घालायची, वर फुलदाणी. आणि मिळालेले पैसे डब्यात. एकदम टाकायचे नाहीत, संशय येईल. थोडे थोडे, सुटे, चांगले वाजतील असे.

त्या संध्याकाळी डबा वाजला. आणि मग वाजतच राहिला. तिसरा महिना, चौथा महिना. मिस्त्रींच्या चालीत फरक पडला. जेवताना शीळ घालायला लागले. एकदा तर स्वतःहून म्हणाले, “तू कमाल आहेस. एवढ्यात कसं भागवतेस? कंपनीत सगळ्यांना सांगितलं मी.”

मी आपलं मूग गिळून भांडी घासत राहिले. पण खरं सांगू? त्यांनी असं तोंडभर कौतुक केलं की सुजलेल्या बोटांचं काही वाटायचं नाही. रात्री ते गाढ झोपायचे. कित्येक वर्षांत असे झोपलेले मी पाहिले नव्हते. मग एक दिवस म्हणाले, “ब्रेक धरतोय. सोमवारी कंपनीत नाही म्हणून सांगतो.” मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी एका परक्या माणसाच्या पँटला चेन उलटी बसवली.

आणि नेमके शनिवारी दुपारी स्टोअरवाले भाऊजी आले.

भाऊजी यांच्याच कंपनीत स्टोअर सांभाळायचे, मागच्या वर्षी निवृत्त झाले. माणूस चांगला, पण तोंडाला झाकण नाही. ड्रायक्लीनरवालीनं त्यांना परस्पर माझ्याकडे पाठवलं होतं, एवढं सांगूनसुद्धा! तीन पँटी घेऊन आले. कमरेत घट्ट झालेल्या.

“वहिनी, निवृत्ती मानवली मला,” पोटावरून हात फिरवत म्हणाले. “सकाळी फिरणं, दुपारी झोप, महिन्यातून एकदा दोघं हॉटेलात. मिस्त्रींनी पण आता सोडावं. उगाच कशाला मरमर?”

“भाऊजी, सगळ्यांना तुमच्यासारखी पेन्शन असते का?” मी त्यांच्या कमरेभोवती टेप धरून म्हटलं.

“माझ्यासारखी? अहो, मी स्टोअरचा माणूस, मिस्त्री माझ्यापेक्षा वरच्या पगाराला. त्यांना माझ्याहून जास्तच बसेल.” आणि त्यांनी आपल्या पेन्शनचा आकडा सांगितला. सांगणारच, तोंडाला झाकण नाही.

मी माप विसरले आणि टेप पुन्हा लावला. यांच्याहून कमी पगाराच्या माणसाची पेन्शन आमच्या डब्यातल्या पैशांच्या जवळजवळ दुप्पट!

भाऊजी गेले. मी मशीनपुढे बसले, पण पाय हलेना. बाकीचे पैसे जाणार कुठे? एकेक भलतंसलतं मनात यायला लागलं. भावाला कबूल केले असतील का? कुणाला जामीन राहिले असतील? बाहेर काही भानगड? मग माझं मलाच हसू आलं. या गुडघ्यांवर? भानगड तळमजल्यावर राहत असेल तरच शक्य आहे. पण हसू आलं तसं गेलं आणि मागे राग उरला. मी इथे डोळे फोडते, बोटं सुजवते, बाजारात शिळी भाजी निवडते, आणि हा माणूस मला निम्मे पैसे दाखवतो!

संध्याकाळी खालून “काय रे, जेवलास का” ऐकू आलं. मी दार उघडून उभी राहिले.

“मांजराला नंतर विचारा. आधी वर या, मला सांगा.”

ते वर आले, बूट काढले, मोरीत जाऊन हात धुवायला लागले. ग्रीस निघायला वेळ लागतो. मी पाठीशी उभी.

“स्टोअरवाले भाऊजी आले होते. त्यांची पेन्शन ऐकली मी. तुमची त्याहून जास्त. मग डब्यात निम्मी कशी?”

नळ चालू. पाठ तशीच.

“मान हलवू नका, मी मागून बघतेय. बाकीचे पैसे कुठे घालवणार आहात? मी काय वेडी म्हणून इथे दिवसभर चेना बदलत बसते?”

नळ बंद झाला.

“कसल्या चेना?” ते वळले.

झालं. रागाच्या भरात बाई काय बोलेल याचा नेम नाही, आणि बोललेलं गिळता येत नाही. मी इकडे तिकडे बघितलं. त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. मग बाहेरच्या खोलीत गेले, फुलदाणी उचलली, चादर काढली. मशीनमध्ये भाऊजींची पँट तशीच अडकलेली होती.

“केव्हापासून?”

“दुसऱ्या महिन्यापासून,” मी म्हटलं. “फ्रिज आणि तुमची दाढ. डबा रिकामा झाला होता.”

“आणि ते पैसे तू डब्यात टाकलेस.”

“नाही तर काय करणार? डबा वाजला नसता तर तुम्ही गेला असता परत त्या खड्ड्यात!”

मला वाटलं आता हे माफी मागतील, किंवा चिडतील. यांनी तसलं काहीच केलं नाही. स्टुलावर बसले, ओले हात मांडीवर. चेहरा पार उतरला.

“म्हणजे टिकलं नाही,” ते म्हणाले. “मला वाटलं टिकतंय.”

“काय टिकलं नाही? धड सांगा ना!”

“पेन्शन एवढी नाही. तू म्हणतेस तशी दुप्पट आहे. पण ती मी आहे तोवर. माझ्यामागे तुला निम्मी मिळणार. मी तेवढीच टाकत होतो डब्यात.”

मी काही बोलले नाही. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

“आम्ही चाचणीला लिफ्टमध्ये सव्वापट वजन टाकतो,” ते म्हणाले, खाली बघत. “जेवढं चढणार त्याहून जास्त. म्हणजे मग खात्री होते. तसं हे. तुझ्या एकटीच्या पैशात दोघांचं वजन टाकून बघितलं. म्हटलं, यात दोघं निघालो, तर पुढे तू एकटी सहज निघशील. मला घोर राहणार नाही. त्या कॉम्प्युटरनं विचारलं ना, किती वर्षं जगणार... मला माझं काही वाटलं नाही. तुझं मागे कसं होईल, तेच डोक्यात बसलं.”

अगं बाई! म्हणजे मी यांच्यासाठी पैसे घालत होते, आणि हे माझ्यासाठी पैसे काढत होते. आणि बिचारा तो डबा!

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. “शहाणेच आहात! मला विचारायचं नाही? सांगायचं नाही? चार महिने मला माझ्याच घरात विधवा करून ठेवलीत आणि वर मला विचारता, कसं भागवतेस?”

“सांगितलं असतं तर तू असंच ओरडली असतीस.”

“ओरडलेच असते! ओरडायला नवरा जिवंत लागतो!”

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. मी पदरानं डोळे पुसले. मिस्त्री उठले, आणि जे मला नको होतं नेमकं तेच म्हणाले.

“सोमवारी कंपनीला हो म्हणून सांगतो. दोन वर्षं काढतो. तेवढ्या पगाराची तुझ्या नावानं ठेव टाकली की मग होईल.”

इथे मात्र मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. इतके दिवस ज्याच्यासाठी बोटं सुजवली ते माझ्याच एका वाक्यानं हातचं चाललं होतं. ओरडून उपयोग नव्हता. ओरडलं की मान हलणार. मी आवाज खाली आणला. त्यांना तो अनुभव नवा होता, ते घाबरून बघायला लागले.

“तुमच्या चाचणीत एक चूक आहे,” मी म्हटलं.

“कुठली?”

“लिफ्ट वर जाते ती नुसत्या मोटरवर जाते का? तुम्हीच एकदा सांगितलं होतंत, पलीकडून एक वजन खाली येत असतं म्हणून ही हलकी होते.”

“काउंटरवेट.”

“तेच ते. तुम्ही ते धरलंच नाहीत. मी एकटी राहीन तेव्हा माझे हात काय तुम्ही बरोबर नेणार आहात? मशीन नेणार? ती ड्रायक्लीनरवाली नेणार? निम्म्या पैशात, दोघांच्या खाण्यासकट, तुमच्या दाढेसकट, मी चार महिने डबा रिकामा होऊ दिला नाही. आणि तुम्ही म्हणता टिकलं नाही!”

ते विचार करायला लागले. मान हलली नाही, हे मी नीट बघितलं.

“डोळे?” म्हणाले. “तुझे डोळे दुखतात.”

“मग तुमच्या त्या बँकेत पडलेल्या पैशातून मला चांगला चष्मा करून द्या. आणि मशीनला दिवा. ठेवी नंतर. आणि मी एकटी असेन तेव्हा तुमची दाढ पण नसेल आणि तुमचं तूपसुद्धा नसेल. तूप किती खाता माहितेय?”

आता ओठ जरा हलले. मी हात सैल सोडणार नव्हते.

“आणि दुसरं. मी आधी गेले तर?”

“तू नाही जाणार.”

“का? तसं लिहून दिलंय कुणी? कॉम्प्युटरनं दोघांचं विचारलं होतं. माझी चाचणी घेतलीत, तुमची कुठे झाली? पेन्शन येईल तुम्हाला, पूर्ण येईल. खाणार काय? नोटा उकडून? सांगा बरं, या घरात मीठ कुठे असतं?”

ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागले. माणसाला बावीस मजल्यांच्या लिफ्टची एकेक तार पाठ असते, आणि मीठ माहीत नसतं!

“वरच्या फळीवर?” म्हणाले.

“नापास,” मी म्हटलं. “दोन वर्षं लागतील तुम्हाला नुसता भात शिकायला. ती दोन वर्षं त्या खड्ड्यात घालवायला आपल्याकडे नाहीत. सोमवारी काय सांगणार?”

त्यांनी भाऊजींची पँट मशीनमधून अलगद सोडवली, चेन खाली-वर करून पाहिली, अगदी ब्रेक तपासावा तशी, आणि म्हणाले, “नाही म्हणून सांगतो.”

तोंडानं म्हणाले. मान मुळीच हलली नाही.

मग आम्ही तो डबा टेबलावर पालथा केला आणि दोघं बसलो. सगळं उघड. त्यांनी पहिल्यांदा मला सगळं दाखवलं, फंडाचे किती येणार, त्यातले दवाखान्यासाठी वेगळे किती, ठेव दोघांच्या नावानं कशी, कुणाच्या मागे कुणाला काय. मी माझ्याकडची पुंजी सांगितली, अगदी लग्नापासून पिठाच्या डब्यामागे दडवलेलीसुद्धा. ती बघून ते म्हणाले, “आणि मी घोर करत होतो!” मला वाटतं, संसाराची खरी बोलणी आमच्यात त्या दिवशी झाली. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, “मग आता किती वर्षं टाकू?” मी म्हटलं, “आम्हाला पुरतील तेवढी टाक आणि ते मशीन बंद कर.”

निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं यांना एक घड्याळ दिलं. ज्या माणसाला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ! हे जिना चढून आले, दुसऱ्या मजल्यावर थांबले, मांजराला म्हणाले, “उद्यापासून दिवसाउजेडी भेटू.”

आणि त्यानंतरच्या सोमवारी यांची चाचणी सुरू झाली.

नियम मी केले. दुपारचं जेवण यांनी करायचं, पूर्ण. भात, उकडलेले बटाटे, अंडी. मी बाहेरच्या खोलीत, माझ्या मशीनपाशी, नव्या दिव्याखाली, नवा चष्मा लावून. यांनी काहीही विचारलं तरी बोलायचं नाही. ते स्वतःच म्हणाले, “लिफ्टच्या चाचणीत असतं तसंच, दोराला हात लावायचा नाही. लावलास तर चाचणी फुकट. मी एकटाच आहे असं समजायचं.”

“समजलं,” मी म्हटलं.

आत पातेलं पडलं. मी बसून राहिले. पाणी सांडलं, त्याचा आवाज आला. मी एका कोटाचं अस्तर लावत होते, लावत राहिले. मला हसू येत होतं, ओठ दाबून धरले होते. मग जरा करपट वास यायला लागला, आणि त्यांची हाक आली.

“अगं, मीठ कुठंय?”

मी गप्प. नियम म्हणजे नियम.

“अगं ऐकलंस का? मीठ?”

मी सुई धरून बसले. मनात म्हटलं, आता तिसऱ्यांदा हाक मारतील, मग चिडतील, मग मी हसेन. पण तिसरी हाक आलीच नाही. त्यांना आठवलं असावं की आपण एकटे आहोत. आतून नुसते डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज यायला लागले. एक उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं, बंद केलं. न बोलता, एकामागून एक, सावकाश.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या झाकणांचा आवाज मला ऐकवेना. चार महिने हा माणूस डबा कानाशी हलवून काय ऐकत होता, ते मला तेव्हा कळलं.

“खिडकीशी, निळ्या झाकणाची बरणी!” मी ओरडले. खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल.

आत बरणी सरकल्याचा आवाज आला.

“दोराला हात लावलास,” ते आतून म्हणाले.

“लावला,” मी म्हटलं. “आहे तोवर लावणार. आणि आधी तो गॅस बारीक करा, भात लागतोय.”